इंदूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचे आहे : खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

सुदामानगरवासी :

नमस्कार. माझ्या यजमानांना पुण्यात हिंजवडी येथे नोकरी मिळाली असून मेच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचे आहे. इंदूरला आम्ही सुदामानगरात भाड्याच्या घरात राहतो. घरात आम्ही दोघे, सीबीएसईच्या शाळेतून सहावीत गेलेली मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. सासूबाईंचे सारे आयुष्य रामबाग आणि सुदामानगरात गेले आहे. त्यांचे सागवानी देवघर आणि पितळी भांडी बरोबर न्यायचीच, हे ठरलेले आहे.

या स्थलांतरासाठी आम्ही 1,75,000 रुपये बाजूला ठेवले आहेत. लोहा मंडीतील एका ट्रान्सपोर्टवाल्याने 26,000 रुपये सांगितले, तर सामान बांधून पोहोचवणाऱ्या दोघांनी 41,000 आणि 48,000 रुपये असे दर दिले. सामान तेच आणि अंतर साधारण 600 किलोमीटरच, तरी दरांत एवढा फरक का पडावा, हे समजत नाही. पुण्यात साधारण 25,000 रुपये भाड्याचे घर पाहत आहोत. आमच्याकडे पाच वर्षांची पेट्रोल कार आणि एक जुनी स्कूटर आहे. त्यांचे काय करावे आणि हाताशी आणखी किती रक्कम असावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सेंधवामार्गे :

ताई, आपण खर्चाचा विचार बाबवार केलेला दिसतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की हीच यादी एकदा तारखेवार मांडावी आणि प्रत्येक रकमेपुढे ती परत येणारी आहे की कायमची गेलेली, हेही लिहावे. ट्रकचे भाडे डोळ्यांत भरते, परंतु ओढाताण होते ती पैसे बाहेर जाण्याच्या आणि परत येण्याच्या वेळा जुळत नसल्यामुळे. पुण्यातील घराची अनामत, पहिले भाडे आणि दलाली ही किल्ली हातात येण्यापूर्वी द्यावी लागतात. इंदूरच्या घराची अनामत मात्र घर रिकामे करून विजेचे शेवटचे बिल चुकते केल्यावर मिळते, आणि नवा पगार तर मेअखेरीसच येणार.

आपलेच आकडे घेऊ. 25,000 रुपये भाडे, तीन महिन्यांची अनामत म्हणजे 75,000 आणि एका महिन्याची दलाली धरली, तर 1,25,000 रुपये सामान हलण्यापूर्वीच गेले. उरलेल्या 50,000 मधून 41,000 रुपये सामानाला दिले की हातात 9,000 राहतात, आणि त्यात चौघांचा प्रवास, शाळेचा प्रवेश, पडदे, पंखे, नळदुरुस्ती आणि महिन्याचा किराणा बसवायचा आहे. ते बसणार नाही. म्हणून आणखी निदान 75,000 रुपये, मुदत ठेव मोडून का होईना, आधीच मोकळे करून ठेवावेत. अनामत पुढे परत येणारी असल्यामुळे ही रक्कम बुडत नाही, केवळ अडकते. कंपनी स्थलांतराचा खर्च पावत्यांवर देते की रुजू होतानाचा बोनस म्हणून देते, हे यजमानांनी आजच विचारून घ्यावे, कारण बोनस पगारात धरला जाऊन त्यावर कर लागतो.

आता दरांतील फरकाविषयी. 26,000 रुपयांत बहुधा नुसता ट्रक आणि चालक असतो. खोकी, दोऱ्या, दोन्हीकडची हमाली, पलंग आणि कपाटे सोडवणे-जोडणे हे सर्व आपल्या माथी येते. उरलेल्या दोघांना एकच प्रश्न विचारावा, की 14 फुटी आयशर ट्रक पूर्ण आपल्यासाठी आहे की आपले सामान इतरांच्या सामानाबरोबर भरले जाणार आहे. अर्ध्या भरतीच्या सामानाची वाटेत एखाद्या गोदामात चढउतार होते, आणि पोहोचण्याची तारीखही सरकते. आमच्या सामानाची धुळ्याजवळ अशी अदलाबदल झाली, आणि पुण्याच्या दारात चालकाने वाढीव पैसे मिळेपर्यंत दोर सोडण्यास नकार दिला. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, की हमाली, टोल, जीएसटी, मजले चढवण्याचे पैसे आणि ट्रक ताटकळल्याचे भाडे यांसह एकच अंतिम रक्कम लेखी घ्यावी आणि तिचा मोठा भाग सामान उतरल्यावरच द्यावा.

बिल्टीशिवाय, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीशिवाय, ट्रक हलू देऊ नये. 2007 च्या सडकमार्गे माल वाहतुकीच्या कायद्यानुसार सामान हरवले किंवा मोडले, तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते. बिल्टीवर सामानाची किंमत लिहिलेली असणे यासाठीच महत्त्वाचे आहे. विम्याच्या नावाने काही टक्के लावले जात असतील, तर विमा कंपनीचा पॉलिसी क्रमांक असलेले प्रमाणपत्र मागावे. ते मिळत नसेल, तर ती रक्कम विमा म्हणून देऊ नये. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद, लागत नाही, त्यामुळे त्या सबबीखाली कोणी पैसे मागितल्यास स्पष्ट नकार द्यावा.

कोथरूडची माळवीण :

वरील हिशेबात दोन घरांचे भाडे काही दिवस एकाच वेळी चालणार, हे धरावे. मी तर म्हणेन की हा खर्च जाणूनबुजून करावा. यजमानांनी एप्रिलच्या शेवटी पुण्यात येऊन घर ठरवावे, सासूबाई आणि मुलगी यांनी सामान पोहोचून गॅस, पाणी, पंखे सुरू झाल्यावर यावे. वयस्कर माणसाला उघड्या खोक्यांमध्ये आठवडा काढायला लावून वाचलेले पंधरा दिवसांचे भाडे काय कामाचे? महिनाअखेर आणि एक तारीख या दिवसांत ट्रक आणि हमाल दोन्ही महाग असतात, तेव्हा सामान महिन्याच्या मधल्या आठवड्यात हलवल्यास त्या भाड्याचा काही भाग तेथेच भरून निघतो. जूनपर्यंत मात्र लांबवू नये, पावसात गाद्या भिजतात.

महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी घरबसल्या होते. मुदतीच्या एकूण भाड्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते, शहरात नोंदणी फी 1,000 रुपये असते, अनामतीवरील व्याजही मुद्रांकाच्या हिशेबात धरले जाते. खर्च कोणी करायचा, हे आधी बोलून घ्यावे. त्याच वेळी सोसायटीचे नियमही विचारावेत, कारण अनेक सोसायट्या सामान चढवण्याच्या वेळा ठरवून देतात आणि लिफ्टसाठी वेगळी रक्कम घेतात.

मुलीच्या शाळेचे काम मला सर्वांत निकडीचे वाटते. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणजे आपण याल तेव्हा वर्ग चालू झालेले असतील आणि जागा कमी उरलेल्या असतील. शाळेतून टीसी घेताना गुणपत्रिका आणि तिचा कायम शिक्षण क्रमांकही घ्यावा. दुसरे असे की 2020 च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे अनिवार्य आहे. आपल्याकडे इंदूरला मुले घरात अस्खलित मराठी बोलतात, देवनागरी हिंदीमुळे वाचताही येते, पण निबंध लिहायची वेळ आली की ऱ्हस्व-दीर्घाची आणि विभक्तीची फार तारांबळ होते. माझ्या मुलाला पहिले वर्षभर मराठीची शिकवणी लावावी लागली. आपणही ती रक्कम धरावी आणि आतापासून सासूबाईंकडून रोज एक पान शुद्धलेखन घ्यावे.

सामानाबद्दल एकच सांगते. ट्रकमध्ये पैसे लागतात ते मुख्यतः जागेचे. पोलादी कपाट, जुना कूलर, प्लायवुडचे पलंग या वस्तूंची जागा मोजावी आणि तेवढ्या भाड्यात पुण्यात दुसरी वस्तू मिळते का, ते पाहावे. कूलर तर आणूच नये, पुण्याच्या हवेत तो आपल्याकडच्याइतका लागत नाही. सागवानी देवघर मात्र सुटे करता येत असल्यास सुताराकडून सोडवून, प्रत्येक भागावर खडूने क्रमांक घालून, जुन्या गोधड्यांत गुंडाळावे. पितळी भांड्यांत लहान डबे आणि कपडे भरले की भांड्यांनाही पोचे पडत नाहीत आणि तेवढी खोकी वाचतात. सियागंजात किराणा व्यापाऱ्यांकडे मजबूत रिकामी खोकी स्वस्तात मिळतात.

एमपी नऊ :

मी गाड्यांपुरतेच लिहितो, कारण हा खर्च बहुतेकांच्या यादीतून सुटतो. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी इंदूर आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, आणि वाहतूक दंडाची थकलेली चलने आधी भरावी लागतात. ही कामे इंदूर सोडण्यापूर्वी उरकावीत. पुण्यात बसून ती करणे फार जिकिरीचे होते.

महाराष्ट्रात कर पुन्हा भरावा लागतो. तो गाडीची मूळ किंमत, इंधन आणि वय पाहून ठरतो, त्यामुळे कारसाठी ही रक्कम ट्रकच्या भाड्याहूनही मोठी निघू शकते. मध्य प्रदेशात भरलेल्या आजीवन कराचा उरलेल्या वर्षांपुरता परतावा नव्या नोंदणीनंतर मागता येतो, परंतु तो येण्यास वेळ लागतो. म्हणून आपल्या तारखेवार यादीत त्याला पहिल्या वर्षाच्या जमेत धरू नये. यजमानांच्या नव्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असतील, तर भारत मालिकेचा, म्हणजे राज्य बदलले तरी तोच चालणारा बीएच क्रमांक घेता येतो का, हे जरूर पाहावे. डिसेंबर 2022 मधील दुरुस्तीनंतर जुन्या गाडीलाही ही मालिका मिळू शकते आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. पुन्हा बदलीची शक्यता असेल, तर हाच मार्ग सोयीचा आहे.

जुनी स्कूटर मात्र इंदूरलाच विकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ना हरकत, कर आणि वाहतूक यांची बेरीज तिच्या बाजारभावाजवळ जाते. न्यायचीच असेल, तर रेल्वेच्या पार्सलने नेता येते. टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाटाने बांधून, नोंदणीपत्राची प्रत आणि ओळखपत्र द्यावे लागते. रेल्वेगाडी रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घेऊन पुण्याला जाते, कारण इंदूर-मनमाड हा सरळ लोहमार्ग 2024 मध्ये मंजूर झाला असला तरी अजून व्हायचा आहे.

सुदामानगरवासी :

सर्वांचे मनापासून आभार. तारखेवार यादी केल्यावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात खरोखरच हात रिकामे राहतात, असे दिसले. त्यामुळे एक मुदत ठेव मोडण्याचे आम्ही ठरवले आहे. स्कूटर विकणार आहोत. 41,000 वाल्यांनी पूर्ण ट्रक आणि लेखी अंतिम रक्कम मान्य केली आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. भरलेला गॅस सिलिंडर ट्रकमध्ये ठेवता येईल का, आणि ट्रक रात्री पोहोचला तर काय करावे?

सेंधवामार्गे :

सिलिंडर ट्रकमध्ये अजिबात ठेवू नये. दोन्ही टाक्या आणि रेग्युलेटर इंदूरच्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे, म्हणजे जुनी अनामत परत मिळते आणि त्या कागदावर पुण्यात जोडणी मिळते. तेथे अनामत चालू दराने भरावी लागते. घरात पाइपचा गॅस असेल, तर घरमालकाकडून त्याच्या शेवटच्या बिलाची प्रत मागून घ्यावी. जोडणी होईपर्यंत इंडक्शनची शेगडी हाताशी असावी, आणि ती ट्रकमध्ये न ठेवता आपल्याबरोबर घ्यावी.

ट्रकची वेळ मात्र सुटण्यापूर्वीच ठरवावी. पुण्यात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते आणि सोसायटी रात्री सामान चढवू देत नाही, त्यामुळे ट्रक पहाटे पोहोचून सकाळी उतरणे सोयीचे. इंदूरहून आदल्या दिवशी सकाळी लवकर निघाल्यास चालक बिजासनचा घाट उजेडात उतरतो. सोसायटीच्या कार्यालयाला ट्रकचा क्रमांक आणि चालकाचा फोन एक दिवस आधी कळवावा, फाटकावर खोळंबा होत नाही.