आत्यानं बघितलेले महाराज नक्की कोणते?

भोगावतीकाठ:
मंडळी, आमच्या घरात आठ दिवस एक वाद चाललाय, जरा मदत करा. आत्याचं वय ८६, माहेर राधानगरी, आता इथं कोल्हापुरात आमच्याकडंच असते. ती सांगते की लहानपणी कोल्हापूर संस्थानचे राजाराम महाराज राधानगरीला आलेले. आदल्या दिवशी बायकांनी रस्त्यावर शेणाचा सडा टाकला, मास्तरांनी मुजऱ्याची तालीम घेतली, गप उभं राहिला तर पेढा देतो म्हणाले आणि सकाळी सकाळी सगळी पोरं रस्त्याकडंला उभी केली. दुपार झाली तरी गाडीचा पत्ता नाही, एक पोरगं चक्कर येऊन पडलं आणि गाडी आली तेव्हा आत्या नेमकी खाली वाकून पायातला काटा काढत होती. वर बघतेय तर खिडकीतून बाहेर आलेलं एक कोपर आणि मागं नुसता धुरळा. एवढंच दर्शन. काका म्हणतो राजाराम महाराज शक्यच नाहीत, आत्या म्हणते मी होते का तू होतास. आता काय करायचं? आणि तुमच्या घरात कुणाची अशी आठवण असली तर ती पण टाका.

करवीरकर:
काका बरोबर आहे ओ. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा आत्या पाळण्यात नाहीतर फार तर रांगत असणार. त्यांच्यानंतर गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज अगदी लहान होते, ते १९४६ ला वारले. मग १९४७ ला तिकडं मध्य प्रदेशातल्या देवासचे विक्रमसिंह पवार गादीवर आले, तेच शहाजी महाराज. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं. म्हणजे आत्या शाळेत जात होती म्हटल्यावर शहाजी महाराजच. पण नावाचा घोळ होणारच, राजारामपुरी, राजाराम कॉलेज, उठताबसता तेच नाव कानावर. (त्यात कॉलेजचे राजाराम पुन्हा वेगळे, ते १८७० ला तिकडं इटलीत फ्लॉरेन्सला वारले. पोरं कॉलेजात तीन वर्षं काढतात पण हे कुणाला माहीत नसतं.)

गारगोटीचा_पाव्हणा:
आमच्या गावाला कोण महाराज आलेले आठवत नाहीत, आम्हीच जायचो दसऱ्याला. एसटी खच्चून भरलेली, दसरा चौकात मुंगी शिरायला जागा नाही, वडील खांद्यावर घ्यायचे. राजाराम महाराजांची ती जुनी मेबॅक गाडी आली की सगळा चौक टाचा उंच करून उभा. शमीपूजन झालं, बार उडाला की सोनं लुटायला जी झुंबड उडायची त्यात माझी एक चप्पल गेली ती गेलीच, घरी येऊन मार खाल्ला पण मूठभर आपट्याची पानं काय सोडली नाहीत.

तांबडा_पांढरा:
करवीरकर, एवढं पक्कं कसं म्हणताय? विलीनीकरण झालं म्हणून लोकांनी महाराज म्हणायचं थोडंच सोडलं. दाजीपूरचं रान म्हणजे संस्थानचं शिकारीचं, अभयारण्य झालं ते १९५८ ला, आणि वाटेत राधानगरी लागणारच. ५० नंतर पण आलेले असू शकतात. आत्याला विचारा पोरांच्या हातात झेंडा कुठला होता, भगवा का तिरंगा.

भोगावतीकाठ:
विचारलं. म्हणाली, "झेंडं कुठलं रं, आंब्याचं टहाळं हुतं हातात, ते पण वाळून गेल्यालं." पण एक नवीनच गोष्ट सांगितली. गाडी गेल्यावर मागच्या म्हाताऱ्या म्हणत होत्या, "आक्कासाहेबांचा ल्योक आला गं." आत्याला वाटलेलं आक्कासाहेब म्हणजे गावातलीच कोणतरी बाई.

करवीरकर:
बास, सुटलं कोडं! आक्कासाहेब म्हणजे राधाबाई, शाहू महाराजांची लेक, देवासला दिलेली. शहाजी महाराज त्यांचेच चिरंजीव. आणि राधानगरी हे नावच मुळात शाहू महाराजांनी ह्या लेकीवरनं ठेवलंय. तिकडं धरण बांधायला घेतलं ते पण त्यांनीच, पुरं व्हायला मात्र स्वातंत्र्य उजाडलं. म्हणजे आईचं नाव असलेल्या गावात लेक आला, म्हाताऱ्यांना त्याचंच कौतुक असणार. साल ४८ का ५२ ते तांबडा पांढराला भांडू दे, माणूस तोच.

तांबडा_पांढरा:
भांडत नाही भावा, मान्य. आक्कासाहेबांचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

भोगावतीकाठ:
आत्याला सगळं वाचून दाखवलं. काका खूश, आज दुपारी बासुंदी मागवलीय. आत्या बराच वेळ काय बोलली नाही, मग म्हणाली, "राजाराम असू दे न्हाईतर शहाजी, मास्तरांनी माझा पेढा दिला न्हाई त्यो न्हाईच."