ग्रामसंघाचे पासबुक कोणाच्या कपाटात असावे?

प्रश्न : आमच्या ग्रामसंघात १४ बचत गट असून मी एका गटाची सचिव आहे. अध्यक्षताई सहा वर्षे त्याच आहेत. सुरुवातीला बँकेचे उंबरठे त्यांनीच झिजवले, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणाच्या मनात किंतू नाही. मात्र पासबुक, चेकबुक आणि शिक्का त्यांच्याच कपाटात असतो, कोषाध्यक्ष कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवतात आणि इतिवृत्ताची वही बैठकीनंतर दोन दिवसांनी सह्यांसाठी घरोघर फिरते. कोणावरही आळ न घेता हे कसे बदलावे?

उत्तर १ : कोऱ्या चेकवरची सही आजच थांबवा, त्यासाठी ठरावाची गरज नाही. पासबुक दर बैठकीआधी भरून आणावे आणि प्रत्येक नोंद मोठ्याने वाचावी. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा येथे जनसुनवाई (गावकऱ्यांसमोरची जाहीर सुनावणी) घेतली, तेव्हा हजेरीपट लोकांसमोर वाचले गेले आणि कागदावरची खोटी मजुरी गावकऱ्यांनीच उघडी पाडली. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही नाव आणि रक्कम कानावर पडली की चूक कळते.

उत्तर २ : थोडी असहमती नोंदवते : नुसते वाचन पुरत नाही आणि नुसती अध्यक्ष बदलूनही भागत नाही. आम्ही दर दोन वर्षांनी अध्यक्ष बदलली, परंतु हिशेब लिहिणारी एकच राहिली, आणि कोणाचा कर्जअर्ज आधी पुढे सरकणार हे हळूहळू तीच ठरवू लागली. एका सभासदाचा भरलेला हप्ता वहीत पेन्सिलीने मांडलेला सापडला, तेव्हा आम्ही जाग्या झालो. आता शेजारच्या गटातील दोघी दर तीन महिन्यांनी आमची वही तपासतात आणि आम्ही त्यांची. लिहायला शिकणाऱ्या दोन मुलीही सोबत बसतात.

उत्तर ३ : गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेते आणि अवघड विषयाची आधी अभ्यास गटात चर्चा होते. आपल्या वह्यांतील ‘सर्वानुमते मंजूर’ याच्याशी त्याची गल्लत करू नये, कारण आपल्याकडे अनेकदा केवळ गप्प बसणे हीच संमती धरलेली असते. इतिवृत्त बैठक संपण्यापूर्वी वाचून तिथेच सह्या घ्याव्यात, मग उशीर झाला तरी चालेल.

प्रश्नकर्ती : काल अध्यक्षताईंनाच पासबुक वाचण्याची विनंती केली. त्या जरा नाराज दिसल्या, पण दुसऱ्या पानावर स्वतःच थांबल्या : बँकेने कर्जाचा एक हप्ता दोनदा वळता केला होता. सोमवारी आम्ही चौघी मिळून बँकेत जाणार आहोत.