आईबाबा आणि पोरांना घेऊन विल्यम्सबर्ग-जेम्सटाउन, जमेल का?

गोरेगावकर: मे महिन्यात अमेरिकेत व्हर्जिनियाला दादाकडे चाललोय, तीन दिवस मोकळे आहेत. बाबांना इतिहासाचं वेड, पोरांना फक्त स्विमिंग पूल आणि आईचे गुडघे दुखतात, तर जावं का?

दादरची_सई: जाच. आम्ही मागच्या वर्षी गेलेलो. विल्यम्सबर्ग १६९९ ते १७८० व्हर्जिनियाची राजधानी होतं, आता जुन्या वेशातला लोहार भाता मारून लोखंड ठोकताना दिसतो, माझा लेक तिथून हलेचना. नुसतं रस्त्यावर फिरायला तिकीट नाही, इमारतींच्या आत जायला लागतं, म्हणून आईंना बाकावर बसवून तुम्ही खुशाल फिरा.
आणि हो, जेम्सटाउन दोन आहेत!! १६०७ ला इंग्रजांनी वसाहत केली त्या किल्ल्याची खरी जागा वेगळी, आणि त्यांच्या जहाजांच्या प्रतिकृती असलेलं म्युझियम वेगळं. आम्ही घोळ घातला, पोरं जहाज कुठंय म्हणून रडायला लागली.

ठाणे_लोकल: बाबांसाठी यॉर्कटाउन सोडू नका, कॉलोनियल पार्कवे या रस्त्यानेच जाता येतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ ला तिथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शरणागती पत्करली, आणि हाच बाबा १७८६ ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून हजर! पुढे टिपूविरुद्धच्या लढाईत मराठे त्याच्याच बाजूने होते.

गोरेगावकर: बाबांना हे वाचून दाखवलं, आता ते आधी यॉर्कटाउनच म्हणतायत 😄 सई, व्हीलचेअर मिळते का गं तिथे?