बॉर्डर आणि बाउंडरी एकच काय? शेताच्या कागदात कुठला लिहायचा

खानापूरचा शेतकरी
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आमची दोन एकर आहे, शेजाऱ्यानं बांध कोरत कोरत चांगला आत आणलाय, म्हणून मोजणी मागवायची आहे. वकील म्हटले सगळी हकिकत एका पानावर इंग्लिशमध्ये लिहून आण. मी रात्री बसून लिहिलो, त्यात सगळीकडं 'फील्ड बॉर्डर' घातलो. त्यांनी लाल पेनानं बॉर्डर खोडून बाउंडरी केले, गर्दी होती म्हणून का ते विचारायला मिळालं नाही. मी मराठी मिडियमचा, दोन्हीचा अर्थ 'सीमा' असंच पाठ केलोय. आणि आम्ही तर जन्मल्यापासनं बॉर्डर बॉर्डरच ऐकत आलोय, शिनोळीला महाराष्ट्र-कर्नाटकाची बॉर्डर, कोगनोळीला बॉर्डर, मग माझ्या शेतालाच का चालत नाही?

निपाणीचे मास्तर
बाळ, चांगलं विचारलास. मी हायस्कूलला इंग्लिश शिकवायचो, हा घोळ दरवर्षी वहीत दिसायचा.
बाउंडरी म्हणजे नुसती रेघ. इथपर्यंत तुझं, तिथनं पुढं त्याचं. तिला लांबी असते, रुंदी नसते. बॉर्डर म्हणजे ती रेघ तर आहेच, पण रेघेला लागून असलेला पट्टाही त्यात येतो. म्हणून माणसं बॉर्डरवर राहतात, बॉर्डरवर दुकान टाकतात, बाउंडरीवर कुणी संसार करत नाही. मराठीत आपण सीमेला 'भाग' जोडून सीमाभाग म्हणतो, कन्नडवाले गडीला नाडू जोडून गडिनाडू म्हणतात, इंग्लिशमध्ये तो 'भाग' बॉर्डर या शब्दाच्या पोटातच आहे.
आणखी एक, बॉर्डर हे क्रियापदही होतं. बेळगाव जिल्हा बॉर्डर्स गोवा, म्हणजे गोव्याला लागून आहे. बाउंडरीचं असं क्रियापद होत नाही.

वडगावचा मागवाला
मास्तरांचं बरोबर आहे, आमच्या धंद्यात तर हे रोज हाताखालनं जातंय. साडीची बॉर्डर म्हणजे काठ, गिऱ्हाईक आलं की पहिलं काठ किती बोटं तेच विचारतंय, म्हणजे रुंदी आली की नाही. आणि काठ साडीच्या आतच असतो बघा, साडी जिथं संपते ती नुसती कड. साडीची बाउंडरी असं आजवर एका गिऱ्हाइकाच्या तोंडनं ऐकलेलं नाही. रांगोळीला, लग्नपत्रिकेला पण बॉर्डरच.

टिळकवाडीकर
सगळं पटलं, पण मग आपल्या वादाला बॉर्डर डिस्प्यूट का म्हणतात? वाद तर रेघेचाच आहे नव्हं, रेघ कुठनं जायची तेवढाच. म्हणजे दोन्ही शब्द चालतात असंच झालं की.

निपाणीचे मास्तर
पेपरात आणि बोलण्यात दोन्ही चालतात, ते खरंच. पण कायद्याचे कागद काढून बघा. राज्यघटनेच्या कलम ३ मध्ये राज्याच्या 'बाउंडरीज' बदलायचा अधिकार संसदेला दिलाय, तिथं बॉर्डर शब्द नाही. १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला, त्याच्या अधिकृत नावातही महाराष्ट्र, म्हैसूर, केरळ यांचे 'बाउंडरी डिस्प्यूट्स' असंच आहे. रेघ ठरवायची असली की बाउंडरी. आणि त्या रेघेपायी १९५६ पासनं जी माणसं इकडं राहिली, त्यांच्याबद्दल बोलताना बॉर्डर. आपण बॉर्डरची माणसं आहोत, आपल्याला बाउंडरीची माणसं कुणी म्हणत नाही.

माजी जवान, बीएसएफ
आमच्या फोर्सच्या नावातच बॉर्डर आहे, राखायचा असतो तो पट्टा. चौकीला बॉर्डर आउटपोस्ट म्हणायचो, पण बांगलादेशच्या बाजूला रेघेवर नंबर घातलेले जे खांब आहेत ते बाउंडरी पिलर. तिकडचा १९७४ चा करार, जो २०१५ ला अमलात आला, तोही लँड बाउंडरी अ‍ॅग्रीमेंट. ड्यूटीवर असताना दोन्ही शब्द रोज तोंडात असायचे, फरक आज नीट कळला.

खानापूरचा शेतकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, एक अडलंय अजून. आमच्या बांधाला चांगली दोन हात रुंदी होती, त्यावर दोन्हीकडची वैरण निघायची. मग रुंदी आहे म्हटल्यावर बांधाला तरी बॉर्डर म्हणायचं काय?

निपाणीचे मास्तर
नको. बांधाला आपल्याकडच्या इंग्लिशमध्ये सरळ 'बंड' म्हणतात, तोच लिही. आणि तुझी केस इथंच आहे बघ. बांध मातीचा, तो कोरता येतो, सरकवता येतो. बाउंडरी सर्व्हेच्या नकाशावर आहे, ती नांगरानं सरकत नाही. म्हणून 'शेजाऱ्यानं बाउंडरी सरकवली' असं चुकूनही लिहू नकोस, बंड सरकवला, बाउंडरी नकाशात होती तिथंच आहे, असं लिही. घरात जुनं खरेदीपत्र असेल तर चतुःसीमा काय लिहिलीय तेही बघ, पूर्वेला काय, पश्चिमेला काय. कन्नड कागद असला तर चक्कुबंदी म्हणून असेल.

खानापूरचा शेतकरी
आजोबांच्या ट्रंकेत कागद सापडला. चक्कुबंदीत पश्चिमेला ओढा लिहिलाय, शेजारी पूर्वेला आहे, त्याच्या जमिनीचा सर्व्हे नंबरपण आहे. पान परत लिहायला घेतलोय, सोमवारी वकिलांकडं जातो.