अमोनिया ४ पीपीएम (लिटरमागे ४ मिलिग्रॅम), गोल्डफिश वर येऊन धापा टाकताहेत. काय करू?

निळीकाच:
टाकी २ × १ × १ फूट, चार गोल्डफिश, प्रत्येकी अडीच इंचांच्या आसपास. आतला पॉवर फिल्टर, स्पंजवाला. टाकी लावून महिना होत आला. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे दर रविवारी सगळं पाणी काढून खडे आणि स्पंज नळाखाली धुतो, तरी दोन दिवसांत पाणी दुधाळ होतं. आज थेंबांच्या किटने बघितलं: अमोनिया ४, नायट्राइट ०, पीएच ८.२, तापमान २८. सोसायटीत (पुणे) महापालिकेचं आणि बोअरचं पाणी मिसळून येतं. एकाच्या शेपटीत लाल रेषा दिसताहेत. खडे मीठ टाकू का?

गाळणी:
मीठ नको, अमोनियावर त्याचा काही उपयोग नाही. आत्ता उठून अर्धं पाणी बदला. तुमच्या टाकीत खडे वजा जाता ५० लिटर पाणी असेल, म्हणजे २५ लिटर काढा. ४ चे २ होतील. सहा-सात तासांनी पुन्हा अर्धं, की १. उद्याही सकाळ-संध्याकाळ मोजा आणि ०.५ च्या खाली येईपर्यंत हेच चालू ठेवा.

नळाचं पाणी रात्रभर ठेवायला आज वेळ नाही, म्हणून क्लोरीन मारूनच ओता. अँटिक्लोर नसेल तर केमिकलच्या दुकानातून सोडियम थायोसल्फेटचे खडे आणा. १ ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातले २० मिली २५ लिटरला घाला. १ पीपीएमपर्यंतच्या क्लोरीनला तेवढं पुरतं. नवीन पाणी टाकीइतकंच कोमट आहे ना, हे हात घालून बघा. एअर स्टोन पूर्ण जोरात सोडा.

खाणं तीन दिवस बंद. गोल्डफिशला काही होत नाही. ४० टक्के प्रथिनांचं १ ग्रॅम खाद्य पोटात गेलं की साधारण ३७ मिलिग्रॅम अमोनिया (नायट्रोजन म्हणून मोजलेला) बाहेर येतो. ५० लिटरमध्ये हे ०.७ पीपीएम झालं, म्हणजे एका चिमटीचा हा परिणाम.

तळखडा:
वरचं सगळं बरोबर, पण मूळ दुखणं रविवारच्या धुण्यात आहे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजला आणि खड्यांना चिकटून वाढतात. ती वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही ती दर आठवड्याला क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकताय. महिन्यानंतरही नायट्राइट ० आहे, याचा अर्थ पहिली पायरीसुद्धा सुरू झालेली नाही. यापुढे स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, तोही प्रवाह मंदावला तरच. खड्यांतली घाण सायफनने ओढायची.

किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २८ अंशाला पीएच ७ असेल तर तो जेमतेम ०.७ टक्के असतो, ८.२ ला जवळजवळ १० टक्के. म्हणजे तुमच्या ४ मध्ये ०.४ विषारी आहे. ०.०५ पासूनच कल्ल्यांना इजा होऊ लागते, म्हणून धाप.

निळीकाच:
अर्धं पाणी बदललं, आता २ दाखवतंय. पीएच उतरवायला आरओचं पाणी घालू का? आणि झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) मिळतंय, ते चालेल?

तळखडा:
आरओ अजिबात नको. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना जिवाणू ७ मिलिग्रॅम क्षारता (पीएच पडू न देणारे विरघळलेले क्षार) खातात. आरओमध्ये ती नसतेच, मग पीएच कोसळतो आणि जिवाणूंचं काम थांबतं. बोअरचं जड पाणी इथे तुमच्या फायद्याचं आहे. उलटी परिस्थितीही जपायची असते: जुन्या टाकीचा पीएच ६.५ वर आलाय, अमोनिया साठलाय आणि नवीन पाणी ८ चं आहे, अशा वेळी एकदम अर्धं पाणी बदललं तर निरुपद्रवी अमोनियम (कमी पीएचला अमोनिया ज्या रूपात असतो ते) तासाभरात विषारी होतो. तिथे १०-१५ टक्क्यांनीच जायचं. तुम्ही दर आठवड्याला सगळंच पाणी बदलत होतात, त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही.

गाळणी:
झिओलाइट चालेल, धुऊन जाळीच्या पिशवीत फिल्टरच्या तोंडाशी ठेवा. पण ते असताना मीठ घालू नका. मिठातलं सोडियम आत शिरतं आणि अडकलेला अमोनिया परत पाण्यात सुटतो. पुढे अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट चढेल, तोही विषारीच. मीठ तेव्हा: झिओलाइट काढायचं, मग लिटरला १ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे ५० ग्रॅम, विरघळवून थोडं थोडं. क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत जात नाही.

ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिचा वापरातला स्पंज मागा आणि ओलाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा. महिन्याचं काम आठवड्यावर येतं. वीज दोन-तीन तास गेली तर फिल्टरच्या डब्यातलं साचलेलं पाणी फेकून मगच सुरू करा, आत प्राणवायू संपलेला असतो.

आणि चारपैकी निदान दोन मासे मोठ्या टाकीत द्या. ५० लिटरमध्ये चार गोल्डफिश कुठल्याच फिल्टरला झेपत नाहीत.