के१८ उंदीर मेले, पण कशाने?

प्रश्न असा येतो की साध्या उंदराला कोविड होत नव्हता, तर लशी उंदरांवर तपासल्या कशा. मूळ वुहान विषाणूचं स्पाइक प्रथिन (त्याच्या पृष्ठभागावरचे काटे) उंदराच्या एसीई२ला, म्हणजे ज्या पेशीवरच्या प्रथिनाला धरून विषाणू आत शिरतो त्याला, नीट चिकटत नाही, हे खरं. (स्पाइकमध्ये एन५०१वाय हा बदल असलेले अल्फा, बीटा हे नंतरचे प्रकार मात्र साध्या उंदरालाही लागतात.)

आयोवा विद्यापीठात स्टॅन्ली पर्लमन आणि पॉल मॅक्रे यांनी जुन्या सार्ससाठी, २००७ साली, मानवी एसीई२ असलेले के१८ उंदीर तयार केले होते. २०२०मध्ये तेच कामी आले. पण इथेच गोची आहे: या उंदरांच्या मेंदूतही विषाणू घुसतो आणि बरेच उंदीर त्यानेच मरतात. त्यामुळे नुसते 'किती जगले' हे आकडे बघून लशीने फुप्फुस वाचवलं असं म्हणता येत नाही. फुप्फुस आणि मेंदू, दोन्हींतला विषाणू वेगवेगळा मोजायला हवा.

दुसरी वाट: साध्या उंदराच्या नाकातून अ‍ॅडेनोव्हायरस या वाहक विषाणूवाटे मानवी एसीई२चं जनुक द्यायचं आणि ५ दिवसांनी कोविडचा विषाणू. इथे एसीई२ नसलेल्या, रिकाम्या अ‍ॅडेनोव्हायरसचा गट ठेवलाच पाहिजे, नाहीतर त्याच्यामुळे आलेली सूज कोविडच्या खात्यावर जाते. शिवाय नाकात थेंब टाकताना भूल हलकी पडली की उंदीर शिंकतो नि डोस बिघडतो.

सीरियन हॅमस्टरला बदल न करता लागण होते. वजन आठवडाभर घटतं, मग भरून येतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत (एनआयव्ही) कोव्हॅक्सिन हॅमस्टरवर आणि २० ऱ्हीसस माकडांवर तपासली गेली. माकडं फारशी आजारी पडत नाहीत, म्हणून तिथे मृत्यू मोजण्यात अर्थ नसतो.