मोमोतारो इतका निरागस राहिला नाही

मोमोतारो म्हणजे जपानी लोककथेतला पीचमधून जन्मलेला मुलगा, जो प्राण्यांना सोबत घेऊन राक्षसांच्या बेटावर चालून जातो. ही गोष्ट निरागस आहे, म्हणूनच ती ॲनिमेपासून (जपानी ॲनिमेशन) मिठाईच्या खोक्यांपर्यंत सगळीकडे टिकली, असं म्हटलं जातं. लोकप्रियतेबद्दल वादच नाही, जपानमधल्या ओकायामाच्या विमानतळालाही त्याचं नाव दिलंय. पण 'निरागस' हे मला मुळीच पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाने हाच मुलगा प्रचारासाठी वापरला. १९४३ च्या चित्रपटात त्याची प्राण्यांची फौज राक्षसांच्या बेटावर विमानहल्ला करते, आणि ते बेट म्हणजे उघडउघड पर्ल हार्बर. मग एप्रिल १९४५ मध्ये आला 'मोमोतारो : उमी नो शिनपेई', जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. त्यात राक्षस म्हणजे इंग्रज सैनिक, आणि बेटावरच्या प्राण्यांना गाण्यातून जपानी अक्षरं शिकवली जातात. तो प्रसंग फार गोड आहे, आणि म्हणूनच मला तो सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. बॉम्ब पडत असलेल्या ओसाकात हा चित्रपट किशोरवयीन ओसामु तेझुकाने पाहिला आणि भारावून गेला. पुढे 'ॲस्ट्रो बॉय' हे गाजलेलं कार्टून पात्र घडवणारा तोच तेझुका. म्हणजे आजच्या ॲनिमेचा एक धागा थेट या प्रचारपटापाशी जातो.

आणि गोष्टीवर शंका घेणारे जपानमध्येच होते. लेखक अकुतागावाने १९२४ मध्येच ती उलटी लिहिली होती: राक्षस आपल्या बेटावर सुखाने नांदतायत आणि मोमोतारो विनाकारण त्यांच्यावर चालून जातो. मोमोतारोबद्दल बोलताना त्याचा उल्लेख हवाच.